हॅलोजनच्या हेडलाइटमध्ये झेनॉन बसवायचा असेल तर

प्रश्न असा आहे: गाडीला एच७ (एका तारेच्या बल्बचा प्रकार) हॅलोजनचे साधे रिफ्लेक्टरवाले हेडलाइट आहेत, रात्री उजेड अपुरा पडतो. तयार झेनॉन किट मिळतं आणि त्याचा बल्ब आहे त्याच होल्डरमध्ये बसतो. ते बसवून समोरून येणाऱ्याचे डोळे दिपू नयेत म्हणून काय करावं?

थोडक्यात उत्तर: त्या हेडलाइटमध्ये काहीच करता येणार नाही. हॅलोजनसाठी बनवलेल्या रिफ्लेक्टरमध्ये झेनॉन घातला की झोताची वरची कड, जिला कट-ऑफ म्हणतात, तीच विस्कटते. कडच नसेल तर फोकस खाली घेऊन खाली आणणार काय? झोत खाली घेत गेलात तर रस्ता पंधरा-वीस मीटरवर संपतो, आणि वर उधळलेला उजेड मात्र समोरच्याच्या डोळ्यांत जातोच. झेनॉन हवाच असेल तर त्याच्यासाठी घडवलेला प्रोजेक्टर, म्हणजे पुढे भिंग आणि आत कड कापणारा पत्रा असलेला भाग, हेडलाइटच्या आत बसवावा लागतो. मात्र बऱ्याच गाड्यांत तिथवर जायची वेळच येत नाही, कारण उजेड कमी पडण्यामागे बल्ब नसतो. बारीक वायरिंग किंवा पिवळी पडलेली काच असते.

आधी झोत का विस्कटतो ते पाहू. हॅलोजन बल्बमध्ये तापलेली टंगस्टनची तार असते: सरळ, चारेक मिलिमीटर लांब, ठरलेल्या जागी बसवलेली. रिफ्लेक्टरचा प्रत्येक पैलू त्या तारेची प्रतिमा रस्त्यावर कुठे पडावी हे ठरवून घडवलेला असतो. झेनॉनमध्ये तार नाही, दोन इलेक्ट्रोडांमध्ये विजेची कमान पेटते. टोकांमधलं अंतर जवळपास तेवढंच, ४.२ मिमी. पण कमान मधोमध वर फुगते, टोकांपाशी सर्वांत प्रखर असते आणि तिच्याभोवती अंधूक प्रभा पसरलेली असते. त्यात किटचा बल्ब म्हणजे झेनॉनच्या नळीला एच७चं बूड जोडलेलं. कमान नेमकी तारेच्या जागी येईल याची खात्री नाही. रिफ्लेक्टरचं फोकल अंतर २५ मिमी धरा. उगम १ मिमी सरकला की किरण सुमारे २.३ अंशांनी वळतो. २५ मीटरवर हा फरक एक मीटरचा होतो, म्हणजे समोरच्या गाडीच्या बंपरवर पडणारा उजेड थेट तिच्या चालकाच्या डोळ्यांवर. शिवाय एच७च्या टोकाला काळा लेप असतो, तारेचा उजेड सरळ पुढे जाऊ नये म्हणून. किटच्या बल्बला तो नसतो. आणि एच७चा प्रकाश १५०० ल्युमेनच्या आसपास, तर ३५ वॅटच्या डी२एस झेनॉनचा ३२००. चुकीच्या जागी जाणारा उजेडही त्यामुळे दुपटीहून जास्त.

एच४मध्ये तर गोष्ट आणखी बिघडते. एच४च्या एकाच बल्बात लो आणि हाय बीमच्या दोन तारा असतात, आणि लो बीमच्या तारेखाली धातूची छोटी वाटी असते, म्हणून लो बीमला रिफ्लेक्टरचा फक्त वरचा अर्धा भाग उजळतो. कट-ऑफ तयार होतो तो त्या वाटीमुळे. एच४च्या झेनॉन किटमध्ये कमान एकच, आणि चुंबकाने बल्ब पुढे-मागे सरकवून हाय-लो केलं जातं. वाटीऐवजी पत्र्याचं टोपण असतं, पण मूळ वाटीची नेमकी जागा आणि कड त्याला साधत नाही. भिंतीवर पाहा: कडेच्या जागी धुरकट पट्टा दिसतो आणि वर उजेडाचे फराटे.

याचा अर्थ रिफ्लेक्टर आणि झेनॉन यांचं वैर आहे असं नाही. कंपनीतूनच झेनॉन असलेले रिफ्लेक्टरचे हेडलाइट असतात. त्यांत डी१आर किंवा डी२आर बल्ब असतो, त्याच्या नळीवर काळे अपारदर्शक पट्टे रंगवलेले असतात आणि रिफ्लेक्टर त्या पट्ट्यांचा हिशेब धरूनच बनवलेला असतो. पट्ट्यांमुळे प्रकाश २८०० ल्युमेनपर्यंत उतरतो. नावात ‘एस’ असलेले बल्ब प्रोजेक्टरसाठी, ‘आर’ असलेले रिफ्लेक्टरसाठी. दोन्हींच्या बुडाच्या खाचा वेगळ्या असतात, त्या घासून बल्ब बसवणं म्हणजे जाणूनबुजून लोकांचे डोळे दिपवणं.

तुमचा हेडलाइट कशासाठी बनला आहे हे त्याच्या काचेवरच लिहिलेलं असतं. टॉर्च घेऊन कोपऱ्यात पाहा. वर्तुळात ‘ई’ आणि एक आकडा दिसेल, त्याच्याजवळ दोन-तीन अक्षरं. ‘एचसी’ म्हणजे हॅलोजन लो बीम, ‘एचआर’ म्हणजे हॅलोजन हाय बीम, ‘एचसीआर’ म्हणजे दोन्ही. सुरुवात ‘डी’ने झाली, म्हणजे ‘डीसी’, ‘डीआर’ किंवा ‘डीसीआर’ असेल, तर तो झेनॉनचा. तिथेच बाण असेल तर तोही पाहा. समोरून बघताना उजवीकडे टोक असलेला बाण म्हणजे डाव्या बाजूने चालणाऱ्या वाहतुकीचा हेडलाइट. दुहेरी बाण म्हणजे दोन्हींसाठी. बाणच नसेल तर उजव्या बाजूने चालणाऱ्या वाहतुकीचा. जुन्या बाजारातून हेडलाइट किंवा प्रोजेक्टर घेताना हे न पाहणारे बरेच जण फसतात. उलट बाजूचा कट-ऑफ पदपथाऐवजी समोरच्या गाडीकडे वर चढतो आणि कोणताही स्क्रू फिरवून तो दुरुस्त होत नाही.

कायद्याचंही इथेच उरकून घेऊ. ‘एच’ छापाच्या हेडलाइटमध्ये झेनॉन घातला की त्याची मान्यता संपते. संयुक्त राष्ट्रांचा वाहन नियम क्रमांक ४८ जिथे लागू आहे, तिथे २००० ल्युमेनपेक्षा जास्त प्रकाशाच्या लो बीमला काच धुणारा फवारा आणि भाराप्रमाणे आपोआप झोत खालीवर करणारी यंत्रणा लागते. डी५एस आणि डी८एस हे २५ वॅटचे बल्ब २००० ल्युमेनवर थांबतात ते याच कारणाने. प्रोजेक्टर बसवण्याआधी आपल्याकडे बदललेला हेडलाइट तपासणीत चालतो का, ते विचारून घ्या. चांगल्या कामालाही मान्यता मिळेलच असं नाही.

आता खर्च करण्याआधी दोन तपासण्या. पहिली व्होल्टेजची. इंजिन चालू, लो बीम लावलेला. मल्टिमीटर २० व्होल्ट डीसीवर ठेवून आधी बॅटरीच्या टोकांवर मोजा, मग बल्ब जळत असताना त्याच्याच कनेक्टरच्या मागून मोजा. दोन आकड्यांत अर्ध्या व्होल्टहून जास्त फरक असेल तर दोष वायरिंग, स्विच किंवा अर्थिंगचा. हॅलोजनचा प्रकाश व्होल्टेजच्या साधारण ३.४ घाताने बदलतो. १३.२ऐवजी १२ व्होल्ट मिळाले तर सव्वाएक व्होल्टही गेलेलं नसतं, पण उजेड २५ ते ३० टक्के गेलेला असतो. उपाय म्हणजे रिले, म्हणजे थोड्या प्रवाहाने मोठा प्रवाह चालू-बंद करणारा स्विच: बॅटरीजवळ १५ किंवा २० अँपिअरचा फ्यूज, तिथून २.५ चौरस मिमीची वायर रिलेच्या ३० नंबरला, ८७वरून बल्बकडे, आणि जुन्या कनेक्टरचा प्रवाह फक्त ८५-८६ची कॉइल ओढायला. फ्यूज बॅटरीपासून वीतभर अंतराच्या आतच हवा. अर्थची वायरही तेवढीच जाड घ्या आणि बॉडीवरचा रंग खरवडून बसवा, नाहीतर निम्मी मेहनत तिथेच वाया जाते. गाडीत कॉम्प्युटर बल्ब तपासत असेल तर मात्र रिले टाकण्याआधी त्या गाडीचा वायरिंग आराखडा पाहा.

दुसरी तपासणी काचेची. पॉलिकार्बोनेटची काच पिवळी-धुरकट झाली की उजेड अडतो, आणि जो बाहेर पडतो तो चहूकडे विखुरतो. म्हणजे उजेड कमी आणि डोळे दिपणं जास्त, दोन्ही एकदम. १००० नंबरचा ओला पॉलिश पेपर, मग २०००, मग ३०००, मग पॉलिश. ओरखडे खोल असतील तर सुरुवात ८००ने. शेवटी अतिनील किरण रोखणारा क्लिअर कोट हवाच, तो नसेल तर काच काही महिन्यांत पुन्हा पिवळी. धुरकटपणा आतून असेल किंवा रिफ्लेक्टरची चमकच गेली असेल तर पूर्ण हेडलाइट बदलणं हाच इलाज.

एवढं करूनही समाधान झालं नाही तर मधला टप्पा म्हणजे चांगल्या कंपनीचा जास्त कार्यक्षम हॅलोजन, ज्याच्या खोक्यावर अधिक १०० किंवा १३० टक्के लिहिलेलं असतं. त्याचा एकूण उजेड दुप्पट नसतो. तार घट्ट गुंडाळलेली आणि जास्त तापणारी असल्याने रस्त्याच्या लांबच्या भागावर उजेड वाढतो. बदल्यात बल्ब लवकर जातो. १०० वॅटचे बल्ब घेऊ नका. कनेक्टर वितळतात, रिफ्लेक्टरचा मुलामा करपतो.

आणि गाडीत मुळात हॅलोजनचा प्रोजेक्टर असेल तर? तिथे किटचा बल्ब घातला तरी कट-ऑफ टिकतो, कारण कड कापतो तो आतला पत्रा, बल्ब नव्हे. म्हणून लोकांना वाटतं की काम झालं. पण आतली वाटी, म्हणजे रिफ्लेक्टर, तारेसाठी घडवलेली असते. उजेड ठिगळाठिगळांचा पडतो, गाडीच्या नाकासमोर भगभगीत आणि लांबवर त्या मानाने कमी. डोळे जवळच्या उजेडाला सरावतात, बाहुली आकसते आणि लांबचं उलट कमी दिसतं. रिफ्लेक्टरपेक्षा हे बरं, एवढंच म्हणेन.

खरं काम म्हणजे झेनॉनचा बाय-झेनॉन प्रोजेक्टर. यात एकच डी२एस बल्ब. आतला पत्रा सोलेनॉइडने खाली पडला की हाय बीम. बहुतेक तयार प्रोजेक्टरांना मागे आट्यांची नळी असते, ती एच४ किंवा एच७च्या भोकातून मागे काढून मोठ्या नटने आवळायची. हेडलाइटची खोली आणि पुढच्या काचेपासूनचं अंतर आधी मोजा. भिंग काचेला टेकलं तर फोकस खालीवर करताना अडतं.

हेडलाइट उघडायला उष्णता लागते. बल्ब, रबरी टोपण, सगळे स्क्रू आणि क्लिपा काढा, मग १०० अंश सेल्सियसच्या आसपास पाच ते दहा मिनिटं ओव्हनमध्ये. ओव्हन आधी तापवून ठेवा, हेडलाइट लाकडी फळीवर ठेवा, जाळीला लागू देऊ नका. ब्यूटाइलचा काळा चिकट पदार्थ मऊ झाला की काच हळूहळू सुटते. तो न ताणता कडकपणे तुटत असेल तर हेडलाइट कायमस्वरूपी चिकटवलेला आहे आणि तो कापावा लागेल. पहिल्यांदाच हे करणाऱ्याने त्या वाटेला जाऊ नये.

प्रोजेक्टर बसवताना सगळ्यात जास्त चुका होतात त्या त्याच्या फिरकीत. नट पूर्ण आवळण्याआधी हेडलाइट उघडाच गाडीवर लावा, भिंतीवर झोत टाका आणि कट-ऑफचा सपाट भाग पाण्याच्या पातळीने किंवा लेझरच्या रेषेने ताडून पाहा. तिरका असेल तर प्रोजेक्टर हाताने फिरवून सरळ करा. नट आवळताना तो पुन्हा थोडा फिरतो, म्हणून आवळल्यावर परत पाहा. इथे राहिलेला दोन अंशांचा तिरकेपणा बाहेरच्या फोकस स्क्रूने जात नाही. एक कड नीट केली की दुसरी वर जाते.

बंद करताना जुनं ब्यूटाइल खरवडून नवी दोरी खाचेत भरा, पुन्हा तापवा आणि क्लॅम्पने दाबून थंड होऊ द्या. व्हिनेगरसारखा वास येणारं सिलिकॉन आत वापरू नका, त्याच्या वाफेने भिंग आणि मुलामा धुरकटतो. हवा खेळण्याची मूळ छिद्रं बुजवू नका. मागच्या टोपणाला वायरीसाठी भोक पाडलं तर रबरी ग्रोमेट घट्ट बसला पाहिजे. हेडलाइटमध्ये पाणी साचण्याचं कारण बहुतेक वेळा हे टोपणच असतं, काच नव्हे.

बॅलास्टची, म्हणजे झेनॉनला लागणारी वीज पुरवणाऱ्या डब्याची, जागा ठरवताना पाण्याचा विचार करा. चाकाच्या फवाऱ्यात किंवा पाणी तुंबेल अशा खळग्यात तो नको, कनेक्टर खालच्या दिशेला तोंड करून राहिला पाहिजे. बॅलास्ट धातूच्या पट्टीवर स्क्रूने बसवा, प्लास्टिकच्या पट्ट्यांनी लटकवू नका. प्रज्वलनाच्या क्षणी बल्बला २० हजारांहून जास्त व्होल्ट मिळतात, म्हणून इग्नायटर (बल्ब पेटवणारा भाग) ते बल्ब ही वायर वाढवायची नाही, कापायची नाही, आणि दिवा चालू असताना तिच्याजवळ हात न्यायचा नाही. पेसमेकर असलेल्यांनी या कामापासून लांबच राहावं. डी१ आणि डी२चे बल्ब ८५ व्होल्टवर चालतात, पारा नसलेले डी३ आणि डी४ ४२ व्होल्टवर. म्हणून डी२च्या बॅलास्टला डी४ लावणं चालत नाही. डी१, डी३मध्ये इग्नायटर बुडातच असतो, डी२, डी४मध्ये वेगळा.

चालू झाल्यावर प्रवाह प्रत्येक बाजूला साडेतीन अँपिअरच्या आसपास असतो, पण पहिल्या काही सेकंदांत त्याच्या तिप्पट-चौपट लागतो. मूळ वायरिंग आणि स्विच त्यासाठी नसतात, म्हणून इथेही रिले आणि बॅटरीवरून थेट पुरवठा. काही गाड्यांत हेडलाइटला पुरवठा सलग नसतो, तो स्पंदांनी येतो. तिथे झेनॉन मिणमिणतो किंवा पेटतच नाही. रिलेच्या कॉइलवर कपॅसिटर असलेलं हार्नेस त्याचसाठी असतं.

५५ वॅटची किट टाळा, प्रोजेक्टरची वाटी तापून तिची चमक जाते. रंगात ४३०० केल्विन घ्या. त्यापुढे निळसरपणा वाढतो आणि ल्युमेन घटतात. ८००० केल्विनचा बल्ब दिसायला झगझगीत, पण ओल्या रस्त्यावर जवळजवळ निरुपयोगी, आणि निळसर उजेड समोरच्याला जास्त बोचतो. वेगळा हाय बीम असेल तर तो हॅलोजनच राहू द्या. झेनॉनला पूर्ण उजेडावर यायला काही सेकंद लागतात, डिपर द्यायला तो उपयोगाचा नाही. १९९१मध्ये बीएमडब्ल्यूच्या ७ सीरिजमध्ये झेनॉन पहिल्यांदा आला तेव्हाही तो फक्त लो बीमलाच होता. बाय-झेनॉनमध्ये बल्ब पेटलेलाच असतो, हलतो तो पत्रा, त्यामुळे तिथे ही अडचण येत नाही.

आता फोकस. इथे घाई केली की वरचं सगळं काम फुकट. टायरची हवा थंड असताना बरोबर, टाकी साधारण अर्धी, चालकाच्या जागी ७५ किलोच्या आसपासचा माणूस, डिकीत नेहमीचंच सामान, डॅशबोर्डवरची झोत खालीवर करणारी लेव्हलिंगची चकती शून्यावर. जमीन आणि भिंतीपर्यंतचा रस्ता सपाट हवा. गाडी भिंतीला चिकटवून दोन्ही प्रोजेक्टरच्या मध्यांची उंची आणि गाडीची मधली रेषा भिंतीवर टेपने खुणा करा. मग सरळ १० मीटर मागे या; जागा नसेल तर ५ मीटर. बंपर एकदोनदा दाबून सोडा म्हणजे सस्पेन्शन बसतं.

हेडलाइटवर किंवा बॉनेटखाली एक टक्का, १.२ टक्के असा उताराचा आकडा छापलेला असतो, तो प्रमाण माना. नसेल तर ८० सेंटिमीटरपर्यंत उंचीच्या हेडलाइटला १ ते १.५ टक्के, एक मीटरहून उंच असेल तर १.५ ते २. एक टक्का म्हणजे १० मीटरला १० सेंटिमीटर. समजा भिंग जमिनीपासून ६८ सेंटिमीटरवर आहे. १० मीटरवर कट-ऑफचा सपाट भाग ५८ सेंटिमीटरवर हवा, ५ मीटरवर ६३वर. असा झोत ६८ मीटरवर रस्त्याला टेकतो. हाच झोत एक टक्का खाली असण्याऐवजी सपाटीच्या एक टक्का वर गेला तर ५० मीटरवर कड १ मीटर १८ सेंटिमीटरवर जाते, म्हणजे साध्या कारच्या चालकाच्या डोळ्यांपर्यंत. हा सगळा फरक एका अंशाच्या आसपासचा आहे. डिकीत सामान आणि मागे तीन माणसं बसली की तेवढा सहज होतो. चकती त्यासाठीच दिलेली असते. आपोआप लेव्हलिंग नसेल तर ती वापरायची सवय लावा.

एका वेळी एकच बाजू लावा. दुसरीच्या समोर पुठ्ठा उभा करा, काचेवर कापड टाकून ठेवू नका, काच तापून खराब होते. आधी उभा स्क्रू, मग आडवा. पदपथाच्या बाजूला जिथे कड वर वळते तो कोपरा त्या भिंगाच्या मध्यरेषेसमोर यायला हवा. नंतर रस्त्यावर खात्री करा: पुढे थांबलेल्या कारच्या मागच्या काचेवर कड चढत असेल तर झोत उंच आहे. बंपर-नंबरप्लेटच्या पट्ट्यात राहिली पाहिजे. प्रोजेक्टरची कड फार तीक्ष्ण असते. खड्ड्यावरून गेलात की समोरच्याला क्षणभर डिपर दिल्यासारखं वाटतं, आणि ते पूर्ण टाळता येत नाही. म्हणून दिलेल्या पट्ट्यात थोडं खालच्या बाजूला राहणं बरं.

बिघाड शोधायचा असेल तर अदलाबदल करून पाहा. एक बाजू पेटत नाही, तर दोन्हीकडचे बल्ब आपसांत बदला. दोष बल्बाबरोबर गेला तर बल्ब, नाहीतर बॅलास्ट किंवा पुरवठा. उजेड गुलाबी-जांभळा होऊन मधेच विझतो आणि पुन्हा पेटतो, तर बल्बचं आयुष्य संपलंय. दोन्ही बाजू एकदम मिणमिणत असतील तर आधी अर्थ आणि रिले तपासा. बल्ब बदलताना दिवा बंद करून दहा मिनिटं थांबा, नळीला बोट लावू नका, आणि नेहमी जोडीने बदला, कारण झेनॉनचा रंग वापरासोबत सरकतो आणि एक नवा, एक जुना लगेच ओळखू येतो. डी१, डी२मध्ये पारा असतो, ते घरच्या कचऱ्यात टाकू नका. नवे बल्ब बसल्यावर भिंतीसमोर पुन्हा एकदा उभे राहा. बूड खाचेत पूर्ण बसलं नसेल तर ते तिथेच कळतं.